झाकलेली करवंदाची जाळी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की माझ्या पणजीनेसुद्धा ती ऐकीवच सांगितली.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या एका म्हातारीने परसात करवंदाची जाळी लावली होती. लोक हसायचे. "अगं, काटे कुणी घरात आणतं का? करवंदं खायला डोंगर आहे की!" पण एका वर्षी वणवा लागला आणि डोंगरावरच्या साऱ्या जाळ्या जळून गेल्या.

नेमके त्याच वर्षी म्हातारीच्या सुनेला दिवस गेले. बिचारीच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी बघितली तरी उमळून यायचं. पार वाळून गेली. "आत्याबाई, मला आंबट करवंदं द्या, बाकी काही नको," एवढंच म्हणायची.

परसातली जाळी पांढऱ्या फुलांनी भरली, तशी म्हातारी हरखली आणि घाबरलीही. कुंपणापलीकडे यसू राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. "हिची दृष्ट लागायची!" म्हणत म्हातारीने जुनी लुगडी टाकून जाळी पार झाकून टाकली. आता काय म्हणावं या शहाणपणाला!

फुलं गळली. फळ एकही धरलं नाही. म्हातारीने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात एक मधमाशी गुणगुणली, "आजी, दार तूच लावलंस. आम्ही फुलांपाशी यायचं कुठून? आणि आम्ही आलो नाही, तर फळ धरायचं कसं?"

म्हातारीने घाईघाईने लुगडी ओढून काढली, पण फुलं तर केव्हाच गळली होती. आत सून उपाशी पडून होती.

इतक्यात यसू आली. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, हिरव्या करवंदांनी भरलेला. "काकू, तुमच्या जाळीची एक फांदी कुंपणातून माझ्याकडे आली होती. कुणाला हात लावू दिला नाही मी तिला. सूनबाईंसाठीच राखली."

सुनेने मिठाला लावून करवंदं खाल्ली, आणि कितीतरी दिवसांनी वर अर्धी भाकरीसुद्धा. म्हातारीचे डोळे भरून आले. तिने यसूचे दोन्ही हात धरले. "पोरी, तुझे उपकार कसे फेडू? मी तर तुलाच भीत होते गं!"

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. सुनेची ओटी भरायला म्हातारीने सगळ्यांआधी यसूला बोलावलं. बायका कुजबुजल्या. म्हातारी ठणकावून म्हणाली, "माझ्या सुनेच्या पोटात अन्न ठरलं ते हिच्यामुळे. पहिला मान हिचाच!"

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका: ज्याच्याविषयी आपण मनात अढी धरतो, पुष्कळदा तोच वेळेला धावून येतो; म्हणून उगाच कुणाचा संशय घेऊ नये.