दगडूतात्याचा सत्कार

एक होतं डरकाळनगर. पूर्वी ते जंगलच होतं, पण प्राणी निवडणुका घ्यायला लागले आणि त्याची प्रगती झाली. आता शहराच्या मधोमध एकच उघडी टेकडी उरली होती. तिच्यावर दगडू साळिंदर राहायचा.

साळिंदराची जात कंद उकरून खाणारी. दगडूतात्यानेही तरुणपणी एक कंद अर्धा उकरला होता. तेवढ्यात त्याची नजर वर गेली. वेलीला इवलासा हिरवट कंदील टांगावा तसं फूल लागलं होतं. तात्याने माती परत लोटली. तेव्हापासून चाळीस पावसाळे तो कंदीलपुष्पांची राखण करत होता आणि पोटासाठी बाभळीची साल कुरतडत होता. घरचे त्याला अर्धवट म्हणायचे. बाकी राज्यातून ते फूल कधीच संपलं होतं. इथे एकोणीस वेली होत्या.

एके दिवशी उद्यानमंत्री वानर धापा टाकत टेकडी चढून आला.

"तात्या, अभिनंदन! तुम्हाला 'वनराईभूषण' जाहीर झालंय. सत्कार इथंच, तुमच्या कर्मभूमीत. खुद्द महाराज येतायत."

महाराज म्हणजे तरस. तीनदा बिनविरोध निवडून आलेले. विरोधात उभे राहिलेले नंतर कुणाला सापडलेच नव्हते. या खेपेला मात्र एक लांडगा उभा होता.

"साहेब, महिनाभर थांबा," तात्या काकुळतीला आला. "आत्ता कुठं फुलं आलीत. शेंगा धरू देत, बी पडू दे. मग खुशाल माझ्या डोक्यावर नाचा."

"महिनाभर? अहो, सोमवारी आचारसंहिता लागतेय!"

सपाटीकरणाचं काम रानडुकरांना मिळालं. खणलेलं काही मागे ठेवत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. तात्या काटे फुलवून आडवा पडला.

"अडवू नका हो," मुकादम डुक्कर तोंड पुसत म्हणाला. "तुमच्याच स्टेजचं काम चाललंय. नुसतं तण तर आहे. चवीला मात्र झकास."

तात्या ढसाढसा रडला. वार्ताहर पोपटाने लिहून घेतलं, 'सत्कारमूर्ती भारावले.'

रविवारी टेकडीवर प्लास्टिकची हिरवळ अंथरली. महाराज गरजले, "बंधूंनो, टेकडी वाचली पाहिजे की नाही?"

"पाहिजे!"

"ही घ्या, वाचवली!"

मग हार आला. वानर कौतुकाने तात्याच्या कानाशी लागला. "बाजारातला नाही हं. खास तुमच्या आवडीच्या फुलांचा. शोधशोधून तोडायला लावली, एक म्हणून सोडलं नाही."

तात्याने मान पुढे केली. पुढे महिनाभर त्याने तो हार काढला नाही. एखाद्या सुकल्या फुलात चुकून बी धरलं असेल, म्हणून रोज चाचपून बघायचा. शेजारी म्हणाले, पुरस्कार डोक्यात गेला.

प्रचारात चौकाचौकांत तात्याचा हारासकट फोटो लागला. खाली मजकूर होता, 'टेकडी वाचवली, आता राज्य वाचवू.'

लांडग्याला ते सहन झालं नाही. भर सभेत तो कडाडला, "चाळीस वर्षांच्या तपश्चर्येची एवढ्याशा हारावर बोळवण? आमचं सरकार येऊ द्या, तात्यांना याच फुलांचा दहापट मोठा हार घालू!"