गवताचा भाव

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्यांच्या सीमा कोणी आखल्या नव्हत्या, पण कुरणांच्या आखल्या होत्या.

समुद्रापासून काही मुक्कामांवर एक गाव होतं. गावाला मोठं कुरण होतं. कुरणाच्या वरच्या अंगाला रान होतं आणि त्या रानातून निघालेला ओढा गावाला पाणी देत होता. गाव गुरं पाळी, ज्वारी पेरी. जनावर थकलं की ते कापून मांस घरोघर वाटत, कातड्याची मोट करत. कोणी काय खावं, यावर ही गोष्ट भांडत नाही. तिचं भांडण वेगळं आहे.

गावाचा एक रिवाज होता. पावसाळाभर कुरण बंद असे. पाऊस सरला की नाईकाच्या घरातली वडीलधारी बाई एकटीच गवतात शिरे आणि आरपार चालत जाई. बाहेर आल्यावर तिचं लुगडं कुसळांनी भरलेलं असलं, तर गवताचं बी पिकून गळू लागलं असं समजत. मगच गुरं आत सोडत. लुगडं कोरं निघालं, तर कुरण बंदच. मग गुरं कितीही हंबरडा फोडोत.

गावाचा नाईक होता म्हाळू. कुरणात चालण्याचा मान त्याच्या थोरल्या बहिणीचा, येसाक्काचा.

एका वर्षी समुद्रापलीकडून एक सौदागर आला. त्याच्या देशात श्रीमंतांना रोज गोमांस लागे, आणि तिथलं गवत कधीच संपलं होतं. तो म्हणाला, "नाईक, थकलेली गुरं मला नकोत. तरणी द्या, पोसलेली द्या. बदल्यात धान्य घ्या, तांबं घ्या, कापड घ्या. फक्त वारा फिरायच्या आत जनावरं बंदरावर पोचली पाहिजेत."

येसाक्का त्या दिवशी कुरणातून चालून आली. लुगड्यावर एक कुसळ नव्हतं.

"अजून बी नाही गळलं," ती म्हणाली.

"आक्का, गवत बघ की! कमरेएवढं आलंय."

"आलंय. पण त्याच्या पोरांची सोय झालेली नाही अजून."

"जहाज थांबायचं नाही."

"मग जाऊ दे जहाज. तुझी सोयरीक आहे का त्याच्याशी?"

लोक हसले. पण सौदागराचं कापड सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं होतं. म्हाळूनं कुरणाचं फाटक उघडलं. गावानं ते उघडू दिलं, हे विसरू नका. एकट्या नाईकावर खापर फोडणं सोपं असतं.

पुढच्या वर्षी जुन्या मुळ्यांतून गवत पुन्हा उगवलं. म्हाळू बहिणीला म्हणाला, "काय आक्का, मेलं का गवत?" तिनं कुरणात जाणं सोडलं.

सौदागर आता जास्त गुरं मागू लागला. कुरण पुरेना, म्हणून गावानं ज्वारीच्या शेतात चाऱ्यासाठी कडवळ पेरलं. माणसाच्या तोंडचं शेत जनावराच्या तोंडी गेलं. पोटाला जहाजातलं धान्य होतंच. मग कडवळही पुरेना, म्हणून वरचं रान जाळलं आणि तिथं गुरं चढवली. घरोघर तांब्याचे हंडे आले. त्या मुलखाच्या राजानं खूश होऊन म्हाळूला शेला दिला. राजाच्या दरबारात भाट गाऊ लागले की, राज्य पुढे चाललं आहे. कुठे चाललं आहे, हे एकाही भाटाला विचारावंसं वाटलं नाही.

येसाक्का एकदा भर चावडीत म्हणाली, "एक बैल पोसायला किती पाणी लागतं, बघितलंय का कोणी? तो पितो ते वेगळं. त्याचं कडवळ पितं ते वेगळं. जहाजातून मांस नाही रे जात, आपला ओढा जातोय."

"आक्का, ओढा जहाजात मावतो होय?" एकानं टोमणा मारला. चावडी खदखदून हसली.

तरण्या कालवडी गेल्या, तशी गोठ्यांत वासरं जन्मेनाशी झाली. जळलेल्या उतारावरची माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्यात उतरली. ओढा गाळानं भरला आणि हिवाळ्यातच आटला. कुरणात ठिकठिकाणी खडक उघडा पडला. जी गुरं उरली, त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

सौदागर आला, त्यानं गुरं पाहिली आणि जहाजाकडे परत निघाला.

म्हाळू धावत त्याच्यामागे गेला. "शेठ, धान्य तरी उतरवा! आमच्याकडे पेरलेलं काही नाही."

"धान्य गुरांच्या बदल्यात होतं, नाईक. ही गुरं नाहीत, सापळे आहेत. दक्षिणेच्या किनाऱ्यावर मला नवं कुरण मिळालंय."

"आमचं कुरण गेलं, रान गेलं, ओढा गेला! त्याचं काय?"

सौदागराला खरोखर नवल वाटलं. "मी मांस मागितलं, मांसाचं मोल दिलं. एक दाणा बुडवला नाही. गवताचा, पाण्याचा, मातीचा भाव तुम्ही मला कधी सांगितलात? ते तुम्ही आपण होऊन वर फुकट घातलंत. मी का नको म्हणू?"

सौदागर चोर असता तर त्याचा गळा धरता आला असता. तो चोर नव्हता.

राजाकडे फिर्याद गेली. राजा म्हणाला, "सौद्यात खोट दिसत नाही," आणि जेवायला उठला.

त्या उन्हाळ्यात गावातली लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी गेली. येसाक्काही गेली. उरलेले लोक घरं मोडून दक्षिणेला चालू लागले. तिथं त्यांना काम मिळालं ते त्याच सौदागराची गुरं बंदरापर्यंत हाकण्याचं. तिथल्या नाईकाला म्हाळूनं हात जोडून सांगितलं, "दादा, सौदा करायचा तर कर. पण आधी आपल्या मातीचा भाव ठरव, आणि तो मिळत नसेल तर फाटक उघडू नकोस."

नवा नाईक अंगावरचं कोरं कापड सारखं करत म्हणाला, "म्हातारबा, स्वतःचं गाव बुडवून आलेल्या माणसाची अक्कल मला नको. गुरं हाका."

म्हाळूनं काठी उचलली आणि गुरं हाकली.

बोध: मालाच्या किमतीत जो आपल्या माती-पाण्याचा भाव धरत नाही, तो नफा कमवत नसतो, स्वतःचं घर फुकट वाटत असतो.