खोपीत कोण होतं?

“मग सही करायची तरी कधी, आप्पा? म्हातारा झाल्यावर?”

हेरंबने आदल्या दिवशीची चित्रं आप्पांच्या पुढ्यात टाकली. ठेवली नाहीत, टाकलीच.

आप्पा जुन्नरकरांकडे चित्रकला शिकणाऱ्यानं आप्पांनी ‘कर’ म्हटल्याशिवाय चित्रावर सही करायची नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. हेरंबच्या मागून आलेले दोघे सह्या करून, प्रदर्शनं भरवून मोकळे झाले होते. हेरंबचा हात त्या दोघांपेक्षा सरस. हे त्याला ठाऊक होतं, आणि इतरांनाही ठाऊक असावं याची तो पुरेपूर काळजी घेत असे.

आता पुण्याच्या एका कलादालनानं त्याला बोलावलं होतं. बिनसहीची चित्रं ते लावणार नव्हते.

“आज नाही म्हणालात तर मी संध्याकाळच्या गाडीनं चाललो. परत येणार नाही.”

आप्पांनी शेकोटीत एक काटकी सरकवली. धरणाच्या पाण्यावर दाट धुकं बसलं होतं आणि उजाडायला अजून थोडा अवकाश होता. गारठा असा, की हाताची बोटं आपली वाटत नव्हती.

आप्पांनी एक चित्र उचलून उजेडात धरलं. चित्रात राजहंस होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून या काठावर उतरणारे. पीस न् पीस हुबेहूब होतं. सगळ्यांच्या माना ताठ, आणि डोळे रोखलेले.

“हे कशाकडे बघताहेत रे?”

“कशाकडे म्हणजे? असेच उभे होते. दिसलं ते काढलं.”

“ते दिसतंच आहे…” आप्पा म्हणाले. “पण कशाकडे बघत होते?”

हेरंबने चित्र पुन्हा पाहिलं. हंस समोर बघत होते. समोर म्हणजे खोपीकडे. काठावरच्या त्या कडब्याच्या खोपीत लपून, फटीतून बघत, तोच चित्रं काढत बसला होता.

“काल फटीतून तुझ्या श्वासाच्या सारख्या वाफा येत होत्या. इथं चहाचं दुकान उघडलंय की काय, असं मला लांबून वाटलं. हंसांना काय वाटलं, ते त्यांनाच माहीत.”

हेरंबची कानशिलं तापली.

“सही तर तू केलीच आहेस,” आप्पा म्हणाले. “प्रत्येक मानेत.”

…

पक्ष्यांना माणसं मोजता येत नाहीत, असं या कामातले लोक मानतात. म्हणून खोपीत दोघांनी शिरायचं आणि मग एकानं बाहेर पडून, नीट दिसेल असं चालत निघून जायचं. खोप रिकामी झाली, असं पक्षी समजतात.

त्या सकाळीही उजाडता उजाडता दोघं आत शिरले. निघताना आप्पांनी आपला मफलर काढला आणि हेरंबच्या नाकातोंडाभोवती गुंडाळला. लहान मुलाला गुंडाळावा तसा.

“हंसांना फसवायला मी चाललो,” ते म्हणाले. “तू मात्र त्यांना फसवू नकोस.”

हे काय बोलणं झालं! हेरंब मनातल्या मनात चडफडला. काय काय सुनवायला हवं होतं, ते त्याला आत्ता सुचायला लागलं.

धुक्यातून, जवळच्याच पाण्यावरून हंसांचे आवाज आले, आणि मग ते काठावर चढले. हेरंबने लगेच पेन्सिल टेकवली. सगळ्या माना एकदम वर झाल्या.

चित्रात होत्या तशाच.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पेन्सिल मांडीवर ठेवली आणि नुसता बसून राहिला.

जमिनीतून थंडी वर चढत होती. डोक्यात पुण्याचं कलादालन होतं, ते दोघे होते, संध्याकाळची गाडी होती. आप्पांशी भांडण चालूच होतं. पण एकट्यानं किती वेळ भांडणार? हळूहळू ते आपोआप थांबलं.

ऊन आलं. धुकं विरळ झालं. माना एकेक करून खाली गेल्या आणि गवत उपटल्याचे आवाज यायला लागले.

एक हंस चरत चरत थेट खोपीशी आला. मध्ये फक्त कडबा होता. त्याच्या छातीवरचे दवाचे थेंब दिसत होते. त्यानं अंग झाडलं, एक पाय पोटाशी घेतला, मान वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसली… आणि झोपला.

एवढा हिमालय ओलांडून आलेला तो जीव हेरंबच्या हातभर अंतरावर निर्धास्त झोपला होता. श्वासागणिक पाठीवरची पिसं वर उचलली जात होती, खाली बसत होती. हेरंबचे डोळे भरून आले. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

पेन्सिल हातात कधी आली, तेही त्याला सांगता आलं नसतं.

…

हंस पाण्यावर परतले तेव्हा आप्पा आले. हेरंब बाहेर येऊन उभा राहिला. मफलर अजून तोंडावरच होता.

“बघू.”

कागदावर झोपलेला एक हंस होता. थोड्याच रेघा होत्या, आणि गारठलेल्या बोटांनी काढलेल्या म्हणून जराशा थरथरलेल्या.

“पाय राहिला,” आप्पा म्हणाले.

“राहिला…” हेरंब म्हणाला. त्यानं पुण्याचं नावही काढलं नाही.

आप्पांनी चित्र पुष्कळ वेळ पाहिलं.

“दोघं आत गेलो. मी बाहेर आलो. आत कोणी नाही, असं हंसांना वाटलं…”

“हो.”

“हंस चुकले का रे?”

हेरंबने वळून खोपीकडे पाहिलं. ऊन कडब्यावर चढलं होतं. आतलं आठवू लागला, तर आठवली ती फक्त वरखाली होणारी पिसं.

“नाही, आप्पा.”

आप्पांनी खिशातून पेन्सिल काढली आणि त्याच्या पुढे धरली.

“मग कर सही.”