लखमशेठचे सात भाडेकरू

“घर दिलं,” लखमशेठ म्हणाला. हौसा बुरुडीण अजून पायरीपर्यंतसुद्धा पोचली नव्हती!

दाराला हे एवढं कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं, आणि म्हणे दिलं! आता अंजनगडात राजाचा हुकूम होता की रिकामं घर मागेल त्याला भाड्यानं द्यावं. जात, धंदा, ताटातलं जेवण विचारू नये. लखमशेठ हुकूम मोडणारा नव्हे. तो कुणाला काही विचारायचाच नाही. माणूस बघायचा आणि ‘घर दिलं’ म्हणायचा.

“कुणाला दिलं, शेठजी?”

“कीर्तनकारबुवांना. कालच.”

हौसाचं झोपडं पुरात गेलेलं. पदरी चार वर्षांची चिमी. धर्मशाळेत चार दिवसांवर कुणाला राहू देत नसत, आणि हा तिसरा दिवस होता. तिला रडू फुटलं, पण रडून का कुठं घर मिळतं? डोळे पुसून ती धर्मशाळेत आली, तर शेठच्याच दारावरून परतलेली आणखी सहा माणसं तिथं बसलेली. अत्तरवाला दाऊद म्हणाला, “मला तर सांगितलं, पैलवानाला दिलं.” मासळीवाली काशी म्हणाली, “मला हवालदार सांगितला. घोड्यासकट.” नवरा सोडून आलेल्या शिंपिणीला वैद्य सांगितला होता. घर एकच, दोन खोल्यांचं, आणि भाडेकरू सात!

हौसा तडक दरबारात गेली. “महाराज, घर कीर्तनकारांना दिलं असं शेठजी खोटं सांगतात. घर रिकामं आहे.”

राजा पक्का हट्टी. “लखमशेठ खोटं बोलेल? रोज माझ्याआधी देवळात असतो तो,” म्हणत त्यानं शेठला बोलावून घेतलं. “काय हो, कीर्तनकार राहतात तुमच्या घरात?”

“राहतात, महाराज.”

“आणि पैलवान?” हौसानं विचारलं.

एक कबूल केल्यावर दुसरा नाकारायचा कसा? शेठनं घाम पुसला. “तेही.”

“हवालदार?”

“घोड्यासकट.”

वैद्य झाला, ज्योतिषी झाला, पखवाजवाला झाला, शेठच्या मेहुण्याचे गुरूसुद्धा झाले. शेठनं सातही बिऱ्हाडं आत कोंबली. “दाटीवाटी होते, महाराज, पण माणसं मोठ्या मनाची आहेत.”

“मग आवाज कसा येत नाही?”

“बुवांचा घसा बसलाय. पैलवानाचं मौन आहे.”

“आणि घोडा?”

“समजूतदार आहे, महाराज.”

आणि राजाला पटलं की हो! तो हौसाला म्हणाला, “बाई, घर रिकामं आहे हे उद्या दुपारपर्यंत शेठजींच्याच तोंडून वदवून दाखव. कुलपाला हात लावायचा नाही. नाही जमलं तर लेकीला घे आणि गाव सोड.”

हौसा मान खाली घालून निघाली. पण घरी, म्हणजे धर्मशाळेत, येईतो तिला आठवलं की उद्या तळ्याचा गाळ काढायचा आहे. अंजनगडची रीत अशी, की दर बिऱ्हाडामागे एक माणूस यायचा आणि एक पाटी वाहायचा. भाडेकरू आला नाही, तर त्याची पाटी घरमालकाच्या डोक्यावर. बांबूच्या पाट्या विणून पुरवायच्या हौसानंच. त्या संध्याकाळी तिनं एक जादा पाटी विणली. एवढी मोठी, की चिमी तिच्यात बसून जेवली.

सकाळी बांधावर राजाची छत्री उभी राहिली. सगळा गाव चिखलात. हौसानं पुकारा केला, “लखमशेठची सात बिऱ्हाडं पुढं या!”

कोण येतंय?

“बुवा आजारी आहेत,” शेठ म्हणाला.

“मग त्यांची पाटी तुम्ही उचला. रीत आहे.”

शेठनं आशेनं राजाकडं पाहिलं. “रीत म्हणजे रीत,” राजा म्हणाला.

बुवांची झाली, वैद्याची झाली, हवालदाराची झाली, मग आली ती मोठी. “अगं, ही केवढी!”

“पैलवानाची आहे, शेठजी. लहान दिली तर रागावतील.”

शेठ ती घेऊन दोनदा आडवा झाला. वर आला तर हौसा दोन गोण्या घेऊन उभी. “ह्या घोड्याच्या. पाठीवर बांधू का?”

बांधल्या. ज्योतिष्याच्या पाटीला गुडघे गेले, पखवाजवाल्याच्या पाटीला कंबर गेली. गुरूंची पाटी समोर आली तशी शेठनं गाळातच बसकण मारली.

“कसला पैलवान आणि कुठला घोडा! महाराज, त्या घरात चिटपाखरूही राहत नाही!”

हौसा बांधावर चढली. “महाराज, शेठजी स्वतःच म्हणाले, घर रिकामं आहे. मी ते मागतेय. भाडं रीतीप्रमाणं देईन.”

“पण महाराज, ही बुरुडीण...” शेठ ओरडला आणि एकदम थांबला.

“बोला की, शेठजी,” हौसा म्हणाली. “आजवर आम्हाला कधी कारण सांगितलं नाहीत. आज महाराजांसमोर सांगून टाका.”

शेठनं राजाकडं पाहिलं. हुकूम आठवला. “ही बुरुडीण,” तो म्हणाला, “पाट्या फार मजबूत विणते.”

राजा असा हसला, की छत्री धरणाराही हसायला लागला आणि छत्री तळ्यात गेली! “बाई, घर तुझं,” तो डोळे पुसत म्हणाला. “वर बक्षीस काय देऊ?”

“धर्मशाळेत अजून सहा जण बसलेत, महाराज. आणि आळीत शेठजींच्या आणखी पुष्कळ घरांना कुलपं आहेत.”

राजा पुन्हा हसत सुटला. त्यानं शेठच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवून हौसाच्या हातावर ठेवला, आणि दिवस मावळायच्या आत आळीतल्या सात घरांची कुलपं निघून सातही जणांची बिऱ्हाडं आत गेली.