मथीआत्याचा अळणी काढा

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हाचा मिठागराचा बांधसुद्धा आता खाडीनं गिळलाय, म्हणजे बघा. आडखार गावात मथीआत्या नावाची बाई होती. तरण्या वयात तिचा नवरा गेला, सासरच्यांनी हाकलली, आणि भाऊ हिराजी तिला हाताला धरून घरी घेऊन आला. त्या भावाशिवाय तिला जगात कुणी नव्हतं.

आडखारची माणसं मिठावर जगायची आणि मीठच खायची. पेजेत मीठ, ताकात मीठ, पिण्याच्या पाण्यातसुद्धा चिमूट टाकतील अशी. मग वय कललं की मान आवळायची, डोकं ठणकायचं आणि एखादा बांधावरच आडवा व्हायचा. लोक बाधा म्हणायचे, कोंबडं कापायचे. मथीआत्या मात्र पातीचा चहा, तुळस, जास्वंदीच्या सुकवलेल्या पाकळ्या आणि शेवग्याचा पाला एकत्र उकळायची. कुणाला काय किती, ते मनगट धरून ठरवायची. मनगट धरलं की अंगातलं रक्त तिला खाडीच्या भरतीसारखं ऐकू यायचं, असं म्हणतात. अट एकच. काढ्यात मिठाचा कण नको आणि जेवणात बेतानंच.

तिथंच तर घोडं पेंड खायचं. आडखारात अळणी पेला फक्त सुतकात द्यायचे, प्रेत उचललेल्या घरी. जित्या माणसाच्या हाती तो देणं म्हणजे त्याचं मरण बोलावून आणणं.

मग हिराजीचंच डोकं ठणकायला लागलं. आत्यानं जीव ओतून काढा जुळवला. उकळायची ती, पण नेऊन द्यायची हिराजीची बायको चांगुणा. आत्या पाकळ्या वाढवून बघायची, पाला बदलून बघायची, देवाला हात जोडायची, पण भावाच्या अंगातली भरती काही ओसरेना. "माझंच काहीतरी चुकतंय," म्हणत ती जेवणाचं ताट बाजूला सारायची. आणि एका दुपारी मिठाची रास ओढताना हिराजी कोसळला, तो उठलाच नाही.

सुतकात चांगुणेच्या हाती अळणी पेला आला, तेव्हा तिचा बांध फुटला.

"वन्सं, मीच मारलं त्यांना. जित्या नवऱ्याला असला पेला कसा देणार? रोज दाराआड चिमूटभर मीठ टाकत होते. माझ्या कुंकवासाठी केलं हो."

राग आला आत्याला, का येणार नाही? पाठचा भाऊ गेला होता. गावानं तर चांगुणेच्या हातचं पाणीही सोडलं. शेवटी आत्यानंच चुलीवर भांडं ठेवलं आणि भावजयीला म्हणाली, "आता तू उकळ." मग मिठागराच्या बांधावर साऱ्या गावादेखत चांगुणेच्या हातचा पेला आत्या रडत रडत प्यायली. तिची आसवं मिठाच्या ज्या वाफ्यात पडली तिथं पुन्हा मीठ धरलं नाही, त्या खाऱ्या मातीत जास्वंद उगवली, असं म्हणतात.

त्यानंतर दोघींनी मिळून गावाला काढा पाजला, पण घरात हसू म्हणून कुणी ऐकलं नाही.

आता त्या दोघीही नाहीत. आडखारात अजून नवी नवरी उंबरा ओलांडून आली की पहिल्यांदा मथीआत्याच्या नावानं काढा उकळते आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला देते. देताना पोरींचे हात अडखळतातच. मग सासू हळूच म्हणते, "दे गं. जित्यासाठीच असतो तो."