शंखाची खुंटी

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका लहानशा गावात दुलबाजी नावाचा एक म्हातारा कोळी राहत होता. थंडीच्या दिवसांत त्या गावावर असं धुकं उतरायचं, की अंगणात उभ्या माणसाला आपलंच घर दिसायचं नाही. मासेमारीला गेलेल्या होड्या पहाटे परतू लागल्या, की दुलबाजी किनाऱ्यावर उभा राहून शंख फुंकायचा. त्या आवाजाच्या रोखाने नाखवे होड्या आणायचे. रोख चुकला तर खाडीच्या तोंडाशी खडक होते.

दुलबाजीला आपल्या शंखाचा भारी अभिमान. त्याने तो आढ्याजवळ उंच खुंटीला टांगला होता. तिथवर त्याची बायको मंजुळा हिचा हात पोचत नसे. "याला छाती लागते," तो म्हणायचा. मंजुळा नुसती हसायची.

एका हिवाळ्यात दुलबाजीची दाढ दुखू लागली. लवंग दाबून झाली, शेकून झालं, दाढेला शिव्या देऊनही झाल्या. गाल टम्म सुजला. शेवटी तो पलीकडच्या गावी वैद्यबुवांकडे गेला.

वैद्यबुवांनी तोंडात डोकावून पाहिलं. "ही काढावी लागेल. आज घरी जा, शांत झोप, उद्या ये. घरात स्वच्छ कापूस, मीठ आणि मऊ भाताची सोय करून ठेव. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तिच्याखाली जखम भरते, म्हणून ती जपायची. थुंकायचं नाही, चोखायचं नाही, जोर लावून फुंकायचं तर मुळीच नाही. काम काय करतोस?"

"किनाऱ्यावर असतो," दुलबाजी म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

घरी येऊन त्याने तयारीला सुरुवात केली. कापूस पिंजला, मीठ कुटलं, मडक्यात थंड पाणी भरलं. एवढी तयारी त्याने स्वतःच्या लग्नातही केली नसेल. मंजुळा दारात बसून सगळं बघत होती.

"अहो, आणि शंख?" तिने विचारलं.

"शंखाचं काय?"

"तो कोण फुंकणार? मला दाखवून ठेवा."

"तुला जमायचं नाही. आणि एवढ्यात काही धुकं पडत नाही," असं म्हणून दुलबाजीने विषय संपवला. धुकं जणू त्याला विचारूनच येत होतं!

दुसऱ्या दिवशी दाढ निघाली. दुलबाजी कापूस दाबून घरी आला आणि डोक्याखाली दोन उशा घेऊन पडला. औषधाची गुंगी होती. डोळे मिटले तसा समुद्राचा आवाज हळूहळू घरात शिरला. त्याला स्वप्न पडलं. तो एका अंधाऱ्या गुहेपाशी उभा होता. गुहेच्या तोंडाशी तांबडं पागोटं घातलेला एक बुटका म्हातारा पाय पोटाशी घेऊन बसला होता.

"तू कोण?" दुलबाजीने विचारलं.

"मी राखणदार. आत काम चाललंय. ते होईपर्यंत मी इथे बसणार."

"तुला हवं काय?"

"काही नको. फक्त वारा उठवू नकोस. मी फार हलका आहे रे."

दुलबाजीला त्याची माया वाटली. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण तोंडातून पांढरं धुकं बाहेर पडलं. ते वाढत गेलं, म्हातारा दिसेनासा झाला, आणि दुलबाजी दचकून जागा झाला.

पहाट होत होती. दाराबाहेर खरंच धुकं होतं. त्या धुक्यातून, खडकांच्या बाजूने, बारीक हाका येत होत्या. "दुलबाजीऽऽ... शंख..."

तो धडपडत उठला. खुंटीवरचा शंख काढून किनाऱ्यावर धावला, मंजुळा त्याच्या मागे. त्याने छाती भरून घेतली आणि फुंकर मारली. गालात कळ उठली, तोंड रक्ताने भरलं, आणि शंखातून नुसती हवा फुसफुसली. तांबड्या पागोट्याचा तो बिचारा राखणदार त्या वाऱ्यात केव्हाच उडून गेला होता.

"द्या इकडे," मंजुळा म्हणाली.

दुलबाजीने शंख छातीशी धरला. उभ्या आयुष्यात तो त्याने कुणाच्या हाती दिला नव्हता. खडकांकडून पुन्हा हाक आली, आणि या खेपेला ती घाबरलेली होती. त्याने शंख मंजुळेच्या हातात ठेवला. बोलायची सोय नव्हती, तोंड रक्ताने भरलं होतं. त्याने तिच्या ओठांना बोट लावून ते आवळायची खूण केली आणि तिच्या पाठीवर तळवा टेकवला. तळवा दाबला की फुंकायचं, सैल सोडला की श्वास घ्यायचा.

पहिल्यांदा नुसता वारा आला. मग वासरू हंबरावं तसा एक आवाज निघाला. मग दुसरा, जरा लांब. मंजुळा फुंकत राहिली आणि दुलबाजीचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. हळूहळू धुक्यात काळ्या सावल्या दिसू लागल्या. एकेक करून सगळ्या होड्या वाळूला लागल्या.

धर्मा नाखवा पाण्यात उतरला. "दुलबाजी, आज शंखाला झालं काय? आवाज पार वाकडा होता."

मग त्याला शंख कुणाच्या हातात आहे ते दिसलं. तो थांबला आणि म्हणाला, "पण वहिनी, वाट सरळ दाखवलीत."

दुलबाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दाढेमुळे, असं त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं.

जखम उघडी पडल्यामुळे ठणका बरेच दिवस राहिला. वैद्यबुवांनी जखमेत औषध भरलं आणि चांगलंच खडसावलं. "कापूस पिंजलास, मीठ कुटलंस. पण काम काय करतोस ते तेवढं सांगितलं नाहीस!" या खेपेला दुलबाजीने सगळं ऐकलं. गार मऊ भात खाल्ला, पुढे कोमट मिठाच्या पाण्याने हळूच गुळण्या केल्या, आणि रोज पहाटे अंथरुणात पडून मंजुळेचा शंख ऐकला. तो आवाज ऐकता ऐकता त्याला पुन्हा गाढ झोप लागायची. जखम भरत आली.

बरा झाल्यावर पहिलं काम त्याने हे केलं, की आढ्याजवळची खुंटी उपटली आणि मंजुळेचा हात पोचेल इतकी खाली ठोकली.

तात्पर्य: दुखणं काढायला निघताना आपलं काम आधी कुणाच्या तरी हाती विश्वासाने सोपवावं. जखम विश्रांतीने भरते, आणि ज्याला काहीच सोडवत नाही त्याला विश्रांती मिळत नाही.