बैलाच्या पाठीवरचा हात

फार पूर्वी प्रतिष्ठान नगरावर सुयाम राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तिथल्या एका सार्थवाहाच्या कुळात जन्माला आला. सार्थवाह म्हणजे व्यापारी तांड्याचा प्रमुख. बैलांच्या पाठीवर माल लादायचा, पठार ओलांडायचे, घाट उतरायचा आणि शूर्पारकाच्या बंदरात तो माल जहाजावर चढवायचा, हा या कुळाचा पिढीजात धंदा. या जन्मी बोधिसत्त्वाचे नाव क्षेमंकर होते.

क्षेमंकराच्या तांड्याची एक रीत साऱ्या वाटेवर ठाऊक होती. संध्याकाळी मुक्काम पडला की प्रत्येक जण आपल्या बैलाच्या पाठीवरचे पालाण, म्हणजे ओझ्याखालची गादी, उतरवी, तळहातावर तीळतेल घेई आणि उघड्या हाताने बैलाची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत चोळी. चोळता चोळता म्हणे, "आज तू वाहिलंस, म्हणून मी पोचलो." मग हात धुवायचे आणि जेवायला बसायचे. घास घेण्याआधी ज्याने रांधले त्याला एखादा चांगला शब्द सांगायचा. तो शब्द खरा असला पाहिजे, एवढीच अट होती.

क्षेमंकराच्या पत्नीचा धाकटा भाऊ सोमिल तांड्यात होता. हुशार, चपळ, हिशेबाला पक्का. एक दिवस आपणही सार्थवाह व्हावे, शूर्पारकाच्या धक्क्यावर खलाशांनी आपल्याला त्या नावाने हाक मारावी, एवढीच त्याची इच्छा होती. त्याला ही रीत काही केल्या पटत नसे.

"दाजी, एक विचारू? रागावणार नाही ना?" एका संध्याकाळी तो म्हणाला.

"विचार. रागवायचं काम मी तुझ्या ताईकडे सोपवलंय."

"माणसं दिवसभर चालून दमतात आणि मुक्कामाला आल्यावर पुन्हा बैलं चोळत बसतात. बैलाला कळतं तरी का आपण काय म्हणतो ते?"

"त्याला कळतं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. मला मात्र कळतं." क्षेमंकराने शंखाच्या पाठीवरून हात फिरवला. शंख हा तांड्याच्या पुढे चालणारा पांढरा बैल. "तुला तगरच्या तूपवाल्याची गोष्ट सांगितली का?"

"नाही. पण आता सांगणारच आहात."

"तगरात तुपाचा एक मोठा व्यापारी होता. घरी सगळं, पण पोटात काही टिकेना. काढे झाले, उपास झाले. शेवटी एका वैद्यानं सांगितलं, औषध नको, रोज जेवण झालं की स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगायचं, आज सगळ्यांत काय चांगलं झालं होतं. व्यापारी म्हणाला, हे कसलं औषध? पण सांगायचं म्हणजे आधी चव घ्यायला हवी, आणि चव घ्यायची म्हणजे घास चावायला हवा. महिन्याभरात त्याचं पोट सुधारलं."

"म्हणजे गुण चावण्याचा. शब्दाचा नाही."

क्षेमंकर हसला. "असेल. पण नुसतं चाव म्हणून तर त्याला सगळ्यांनीच सांगितलं होतं."

त्या वर्षी पावसाळ्यानंतर तांडा निघायला उशीर झाला. बैलांवर साळवाड्यातल्या विणकरांचे वर्षभराचे कापड होते. मोसमातले शेवटचे जहाज शूर्पारकाला उभे होते. ते चुकले असते तर कापड वर्षभर पडून राहिले असते आणि साळवाड्यातल्या चुली थंड पडल्या असत्या. म्हणून जहाजावर जागा धरून ठेवायला क्षेमंकर स्वतः पुढे निघाला. तांडा त्याने सोमिलाच्या हाती दिला.

"घाटमाथ्यावर भेटू," तो म्हणाला. "बैल सांभाळ. माणसं सांभाळ. आणि माथ्यावरच्या टाक्याचं पाणी भरशील तेव्हा वाडीत जाऊन ये."

घाटमाथ्यावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके होते. जवळच्या वाडीतली माणसे दर उन्हाळ्यात त्यातला गाळ उपसून ते स्वच्छ ठेवत. क्षेमंकर दर फेरीला वाडीत जाऊन त्यांच्या पुढे हात जोडून येई.

सोमिलाने तांडा वेगाने हाकला. रीत मोडायची त्याची छाती नव्हती. त्याने ती फक्त सुटसुटीत केली. बांबूच्या काठीला चिंध्या बांधल्या, त्या तेलात बुचकळल्या आणि एका माणसाला काम नेमून दिले. तो माणूस रांगेतून चालत जाई, प्रत्येक पाठीवर काठी फिरवी आणि शेवटी सगळ्या बैलांना मिळून एकदाच म्हणे, "आज तुम्ही वाहिलंत, म्हणून आम्ही पोचलो." जेवण ज्याला जसे मिळेल तसे तो उरकू लागला. तेल तेवढेच लागले, शब्दही तेच राहिले आणि वेळ मात्र कितीतरी वाचला. सोमिल स्वतःवर खूश होता. दाजींना हे आधीच का सुचले नाही, याचे त्याला नवल वाटले.

थोड्याच दिवसांत तांड्यातले हसणे कमी झाले. मीठ जास्त पडले म्हणून एक जण रांधणाऱ्यावर खेकसला. रांधणाऱ्याने दुसऱ्या दिवशी मीठच घातले नाही. पाणी कोणी आणायचे यावरून भांडणे लागली. सोमिलाला वाटले, दमलीत बिचारी. त्यालाही धड झोप येत नव्हती, पण ते त्याने जबाबदारीच्या खाती टाकले.

घाटमाथ्याला पोचल्यावर बैलांना पाणी पाजले, पखाली भरल्या. वाडी समोरच दिसत होती. सोमिलाने तिकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले आणि म्हणाला, "परतताना जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेमंकर घाट चढून वर आला. जहाज एक दिवस थांबायला तयार झाले होते. त्याच दिवशी कापड खाली उतरले तर सारे जमणार होते. तो आला तेव्हा सोमिल शंखावर पालाण ठेवत होता. शंख झटकन बाजूला झाला. पुन्हा पालाण ठेवले, तसा तो गुडघे टेकून खाली बसला आणि काही केल्या उठेना.

"आजच नखरे करतोय," सोमिल म्हणाला.

क्षेमंकराने पालाण दूर सारले आणि बैलाच्या खांद्यामागे तळवा ठेवला. शंखाची कातडी थरथरली. वरून केस तुळतुळीत होते, तेलाने चमकत होते. खाली मात्र पाठ सुजली होती, आणि केस बाजूला करताच पू दिसला. क्षेमंकर पुढच्या बैलाकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. निम्म्याहून अधिक बैलांच्या पाठी अशाच झाल्या होत्या.

"तेल रोज लावलं, दाजी," सोमिलाचा आवाज बारीक झाला. "तुमची शपथ. एक दिवस चुकलो नाही."

"दिसतंय. कशानं लावलंस?"

सोमिलाने काठी दाखवली.

क्षेमंकराने ती हातात घेऊन पाहिली. तो ओरडला नाही. "पालाण टोचायला लागलं की पाठीवर आधी नुसती ऊब येते. डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळते. त्या दिवशी पालाणाखाली चार मुठी गवत जास्त घातलं की काम भागतं."

"मग हे आधी सांगायचं नाही का? मी काय मुद्दाम केलं?"

"उपयोग सांगितला असता तर तुम्ही फक्त ऊब शोधली असती. आणि मी काही ऊब शोधायला हात फिरवत नव्हतो, सोमिल. यानं माझं ओझं वाहिलं म्हणून फिरवत होतो. बाकी सगळं गाईमागून वासरू यावं तसं आपोआप मागून येत गेलं."

सोमिलाने खाली दरीकडे पाहिले. दूरवर खाडीची रेघ चमकत होती. "दाजी, आजचा एकच दिवस. जाड घोंगडं घालू, वरून पालाण बांधू. एक उतार तर आहे. जहाज गेलं तर साळवाड्याला काय तोंड दाखवायचं?"

"मारून उठवला तर शंख हा उतार उतरेल," क्षेमंकर म्हणाला. "मागं लागलो तर बाकीचेही उतरतील, आणि खाली जाऊन पडतील. साळवाड्याची चूल याच्या सोललेल्या पाठीवर पेटवायची नाही. ज्यांच्या पाठी धड आहेत ते बैल चालतील. उरलेलं कापड माणसं नेतील. पहिला गठ्ठा माझा."

त्याने खरोखरच एक गठ्ठा उचलून डोक्यावर घेतला. बैलवाल्यांतला एक जण पुढे झाला, मग आणखी दोघे. पण गठ्ठे फार होते आणि हात थोडे.

क्षेमंकराने गठ्ठा खाली ठेवला. "आधी वाडीत जाऊन येऊ. तू गेला नाहीस ना?"

सोमिलाने मान खाली घातली. पण लगेच त्याचा चेहरा उजळला. "बरोबर! त्यांची माणसं मागून घेऊ. दाजी, तुम्ही शब्द टाकलात की..."

"मागायचं नाही."

"का? आपली गरज आहे, ते देतील!"

"आभार आणि मागणं एका दमात निघालं की आभाराचा सौदा होतो. आपण त्यांचं पाणी प्यालो. तेवढंच सांगायला जायचं."

वाडीत सुलसा नावाची बाई दाण्यांची रास पाखडत होती. टाक्याच्या राखणीचे काम तिच्याकडे होते. क्षेमंकराला पाहताच तिने सूप खाली ठेवले.

"या, सार्थवाह. काल तुमची माणसं पाणी भरून गेली. आम्ही म्हटलं, यंदा तुम्ही मुके झालात का काय." मग सोमिलाकडे पाहून म्हणाली, "हे कोण? हेच होते व्हय काल? लांबून बघत होते आमच्याकडं. म्हटलं, वाडीला वाघ हाय असं कुणी सांगितलं का काय यांना!"

सोमिलाच्या ओठांवर मागणे आले होते. साळवाडा डोळ्यांपुढे होता, जहाज डोळ्यांपुढे होते. त्याने ते सारे गिळले आणि हात जोडले.

"बाई, काल माझे बैल तुमचं पाणी प्यायले. गार होतं. गाळाचा वासही नव्हता. मी न सांगता निघालो होतो. चुकलंच."

सुलसाने हातावरचा कोंडा झटकला. "बरं झालं आलात. औंदा गाळ लई होता. पोरींच्या नखांतला अजून निघाला न्हाई." मग तिने मान वळवून घाटमाथ्याकडे पाहिले. "पण उन्हं वर आली तरी तुमची बैलं मोकळीच उभी? काय झालं?"

क्षेमंकराने जे झाले ते सांगितले, बैलांचे आणि पाठींचे. मागितले काहीच नाही.

सुलसा उठली, पदर खोचला आणि घरांच्या दिशेने हाक घातली. "अगं ए, चुंबळी घ्या गं सगळ्याजणी! गडीमाणसांना पण बोलवा. सार्थवाहाच्या बैलांच्या पाठी सोलल्यात!"

दुपार कलायच्या आत घाटाच्या पायऱ्यांवर डोक्यावर गठ्ठे घेतलेल्या माणसांची रांग लागली. उतरताना कोणीतरी गाणे सुरू केले. तांड्यातल्या बैलवाल्यांनी कितीतरी दिवसांनी त्यात सूर मिसळला.

"चल," क्षेमंकर सोमिलाला म्हणाला. "आज धक्क्यावर तूच माल चढव. सगळे तुला सार्थवाह म्हणतील, मी बाजूला उभा राहीन."

सोमिलाने मागे वळून पाहिले. शंख गुडघ्यांवर बसून होता आणि त्याच्या पाठीवर माश्या घोंगावत होत्या.

"तुम्ही जा, दाजी," तो म्हणाला. "मी यांच्याजवळ थांबतो."

कापड वेळेवर जहाजावर चढले. काही दिवसांनी क्षेमंकर परत माथ्यावर आला तेव्हा ऊन कलले होते. ती काठी चुलीत जळून गेली होती. सोमिल शंखाजवळ डोळे मिटून उभा होता आणि त्याचा उघडा तळवा हळूहळू पाठीवरून सरकत होता. शंख शांतपणे रवंथ करीत होता. कातडी थरथरत नव्हती.

"दाजी," सोमिल डोळे न उघडताच म्हणाला, "इथं अजून थोडी ऊब आहे. आणखी काही दिवस पालाण नको."

"बरं. आणि तुझी झोप?"

"लागते आता. का, ते विचारू नका. तगरच्या तूपवाल्याची गोष्ट पुन्हा ऐकावी लागेल."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात एका भिक्षूला सांगितली. त्याला अन्न पचत नव्हते, झोप येत नव्हती आणि कशातच गोडी वाटत नव्हती. शास्त्यांनी त्याला विचारले, "आज तुझ्या पात्रात भात कोणी वाढला?" भिक्षू म्हणाला, "भन्ते, मी पात्र पाहिलं. वाढणारा हात पाहिला नाही." तेव्हा शास्त्यांनी हे पूर्वजन्मीचे वृत्त सांगितले आणि म्हणाले, "भिक्षू, त्या वेळचा सोमिल तू होतास. शंख बैल आज माझा शिष्य आनंद होऊन तुझ्या शेजारी बसला आहे. सुलसा म्हणजे तुझ्या पात्रात रोज वाढणारी उपासिका. आजही तू न मागता तीच देते आहे. आणि तो सार्थवाह मीच होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिक्षू त्याच दारी उभा राहिला. पात्रावर हात आला तेव्हा त्याने तो हात पाहिला. बोटांना ओले पीठ लागले होते आणि एका बोटावर भाजल्याचा डाग होता. त्याने मनोमन त्या हाताला सुख चिंतले. त्या दिवशी भाताला चव होती.

या गुणाचे नाव कृतज्ञता. करुणेची सुरुवात तिथूनच होते.